चाकणचा खड्डा आणि धुतलेली खापरं

हे लिहायचं मी किती दिवस टाळतोय, विचारू नका. त्या खड्ड्याचं काय होतंय ते कळलं की लिहू, अशी स्वतःचीच समजूत घालत होतो. आज परीक्षा संपल्या, म्हणजे खड्ड्याचा फैसलाही आजच.

निघालो होतो चाकणचा किल्ला बघायला. थेरगावहून बाइक, नाशिक फाटा, भोसरी, मोशी. पुढे कंटेनरमागे पहिल्या गिअरमध्ये रांगत. जाणार असाल तर शिफ्ट सुटायची वेळ टाळा आणि मिसळ आधीच हाणा. मी दोन्ही उलटं केलं.

वाट विचारायला एका शाळेत शिरलो आणि किल्ला राहिला बाजूला. पटांगणात चौकोनी खड्डा, कडेला गेरू, वर रांगोळी. इतिहासाच्या जाधव मॅडम कपाळाला हात लावून उभ्या.

मॅडम पुरातत्त्व शिकलेल्या. "विद्यापीठात आमच्या वर्गात बाकं जास्त, पोरं कमी. शाळेत कुणी मातीत हातच घातला नाही, तर तिकडे येणार कोण?" म्हणून त्यांनी स्वतःच थर रचून पुरले होते: तळाला खापरं, मध्ये कौलं, वर स्पार्क प्लग. पोरांनी ब्रशने उकरायचं, कुठल्या थरात काय सापडलं ते सांगायचं. संस्थेच्या सेक्रेटरींना मात्र तिथे बस लावायला पेव्हर ब्लॉक हवे होते. त्या दिवशी ते बघायला येणार, म्हणून सातवीतल्या स्वातीचे वडील, गायकवाड, नाइट शिफ्ट करून थेट शाळेत आले आणि त्यांनी सगळा माल उपसला, धुतला, आकारानुसार क्रेटमध्ये लावला. वर लेबलं!

"एकदम ऑडिटला तयार बघा, मॅडम!"

सेक्रेटरी खूश. "वा! खड्डा रिकामाच झाला की. मग बुजवायला हरकत काय?"

मॅडम गायकवाडांकडे वळल्या. "दादा, कंपनीत सगळ्या बॅचचा माल एकाच क्रेटमध्ये टाकला तर?"

"सगळा लॉट रिजेक्ट!" गायकवाड ठसक्यात म्हणाले. मग क्रेटकडे बघून आवाज बसला. "आयला."

स्वाती फिसकन हसली. "पप्पा, बॅच मिक्स केली तुम्ही!"

गायकवाड सेक्रेटरींकडे वळले. "साहेब, मॅडमना परत पुरू द्या. या खेपेला मी हात नाही लावत."

"पुरा. पण परीक्षा संपल्या की पेव्हर ब्लॉक. माती उकरून पोरांना नोकरी देणार का कुणी?"

मी बाइकची किल्ली काढली. नोकरीच्या बाबतीत माझा सल्ला कोण घेणार?

घरी आलो. किल्ला बघायचा राहिलाच, पण परवा डांगे चौकात गॅसलाइनसाठी खणलेल्या चरात अर्धा तास डोकावत होतो. डांबर, मुरूम, खाली काळी माती. मुकादम म्हणाला, "भाऊ, काही पडलं का आत?"

आत्ताच मॅडमचा मेसेज आला. ब्लॉकचा टेम्पो नाही आला, सेक्रेटरी आलेत. एकटेच. पँट दुमडून, हातात ब्रश घेऊन खड्ड्यात उतरलेत आणि वरून स्वाती ओरडतेय, "सर, पाय उचला, कौलांच्या थरावर उभे आहात!"