हाताच्या गिअरची गाडी

तात्यांच्या मुलाला चोरून फोन केला, तो मीच. सणसरचे हे माझे शेजारी सत्तरीतही ट्रॅक्टरशी बोलत बोलत ऊस वाहतात. इंदापुरात जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला त्यांनी मला सोबत नेलं. दोन मॉडेलांपैकी त्यांनी आधीच्या सालाचं, हाताच्या गिअरचं निवडलं.

"नवीन गाडी आपली आपण चालती. मग मी कशाला हाय?" तात्या म्हणाले.

माझ्या फोननंतर तासाभरात बारामतीहून मुलगा आला. सगळ्यांदेखत त्यानं बापाची मूठ उघडून किल्ली काढून घेतली. असं काही होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तात्या गाडीवाल्याला म्हणाले, "तुमचा येळ घेतला."

आम्ही सणसरला परतलो. त्यांच्या दारात मी म्हणालो, "तात्या, फोन मी केला. काळजी नव्हती, तुमचा हेवा वाटला. माफ करा."