काहिलीतल्या म्हातारीचं वाक्य

रविवारच्या पुरवणीत आमच्या गावात झालेल्या त्या जुन्या सिनेमाचे पडद्यामागचे किस्से छापून आले. पुराचं पाणी गढूळ दिसावं म्हणून तांबड्या मातीचे ट्रक ओतले. पाऊस अग्निशामक बंबाचा. आणि शेवटचा किस्सा असा, की काहिलीतल्या म्हातारीचं 'पाटील, तुमच्या रूपानं देव भेटला' हे वाक्य संहितेत नव्हतंच. एका स्थानिक वृद्धेनं ते उत्स्फूर्तपणे उच्चारलं.

ती वृद्धा म्हणजे माझी आत्ती. धम्मदीक्षा घेतल्यापासून तिनं देवाचं नाव घेतलेलं नाही. वाक्य संहितेत नव्हतं एवढं खरं. बाकी खोटं, आणि हे मी सांगते, कारण मी तिथं हजर होते.

आमचं गाव कुरुंदवाडजवळ, नदीकाठाला. संस्थानच्या काळात थोरला पूर आला तेव्हा पाटलानं गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडली. उसाचा रस उकळायची ती कढई एवढी मोठी, की पुरात आमच्याकडं तीच नाव. पाटलानं गाव वाचवलं, असं गाव सांगतं. महारवाडा नाही वाचवला. आत्ती आणि तिची थोरली बहीण चिंचेवर चढून बसलेल्या. काहील जवळनं गेली, तिच्यात जागाही होती. पाटील म्हणाला, ह्यांना घेतलं तर काहील बाटंल, गूळ कोण घेणार न्हाय. दिवस मावळायच्या आत थोरली फांदीवरनं वाहून गेली.

सिनेमावाले आले तेव्हा मी कॉलेजात होते, कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली घेऊन राहायचे, चळवळीची पत्रकं वाटायचे. दिग्दर्शकाचा सहायक आत्तीकडं आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. "आजी, हे पडद्यावर येणार," तो म्हणाला.

मी म्हटलं, आत्ती, ह्यांचा भरवसा धरू नको.

"तुझ्या पत्रकात लोक भजी बांधून नेत्यात," ती म्हणाली. "पिच्चर बघत्यात तरी."

शूटिंग भर उन्हाळ्यात. काठावर खड्डा खणून पाणी सोडलं. त्या आठवड्यात आमच्या वस्तीच्या नळाला थेंब नव्हता. पाणी गुडघाभर, काहील तळाला टेकलेली, आणि आमच्याच वस्तीतले बाप्ये वाकून ती हलवत होते, पूर वाटावा म्हणून. आत्तीला सांगितलं, पाटील हात पुढं करील, तो धरायचा, आत बसायचं, हात जोडायचे.

"आनि माझी भन?"

"आजी, आपल्या सिनेमात पाटील सगळ्यांना वाचवतो. लोकांना घरी जाताना बरं वाटलं पाहिजे."

"मग मला कशाला बशिवतासा?"

"तुमचा चेहरा खरा आहे."

मी म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, "थांब की," आणि पाण्यात उतरली.

कॅमेरा सुरू झाला. पाटील झालेल्या नटाचा हात धरून ती काहिलीत बसली. हात जोडले नाहीत. त्याच्याकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "पाटील, मला घेऊ नगासा. काहील बाटंल. तुमचा गूळ कोन घेनार न्हाय."

काठावर सगळं गाव उभं होतं. शब्दन् शब्द सगळ्यांना ऐकू गेला. नटाचे डोळे भरले. चांगला नट असावा. दिग्दर्शकानं विचारलं, "काय बोलली ती? बरं, असू दे. आवाज नंतर स्टुडिओतच भरायचाय."

आम्हाला त्याचा अर्थ कळला नाही. आत्ती खुशीत घरी आली. "म्हणलं बग मी. आता ते कोन पुसून टाकतंय?"

कोल्हापुरात थेटरात आम्ही सिनेमा एकत्र बघितला. पडद्यावर तिचं तोंड उघडलं आणि आतनं कुणा शहरी बाईचा गोड आवाज आला, देव भेटला म्हणून. शिट्ट्या पडल्या. ओठ आणि शब्द जुळत नव्हते, पण ते बघतंय कोण? आत्ती अंधारात स्वतःचं वाक्य पुटपुटत होती. ते पडद्यावरच्या ओठांवर नेमकं बसत होतं.

मी पत्रक काढलं, खरं वाक्य मथळ्याला टाकून, आणि गावच्या स्टँडवर वाटलं. आमच्या गावचा एक दूधवाला. त्या दिवशी काठावर पुढंच उभा होता. त्यानं वाचलं आणि घडी करून माझ्या हातात परत दिलं.

"म्हातारीला चळ लागला व्हय? देव भेटला म्हणाली की. आमी सोता ऐकलंय."

"तू काठावर होतास ना?"

"व्हतो की," तो म्हणाला. "पर पिच्चर तीनदा बगितलाय."