रजिस्टरातलं दहा फूट पाणी

एक रोहू पाण्याबाहेर उडी मारून पुन्हा पुन्हा आपटत होता. दुसरा काठाच्या दगडाला अंग घासत होता. चोपड्याजवळच्या त्या गावतलावावर नानांनी निरोप धाडून मला बोलावलं होतं. नाना म्हणजे तलाव ठेक्याने घेतलेल्या भोई मंडळींतले वडीलधारे. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मत्स्य अधिकारी म्हणून मी नवाच लागलो होतो, आणि डिग्रीचा ताठा अजून उतरला नव्हता.

जाळं टाकून एक मासा काढला. कल्ले लाल, स्वच्छ. पण परांच्या बुडाशी मसुराच्या डाळीएवढे चपटे, पारदर्शक ठिपके होते, आणि बोट लावलं की ते सरकत होते. भिंगातून त्यांचे पाय दिसले. ही माशांची ऊ. पुस्तकात तिला आर्ग्युलस म्हणतात. ती रक्त पिते, मासा खंगतो, जखमा चिघळतात. वेळेवर आवरली नाही तर तलावच हातचा जातो.

उपाय म्हणजे ठरावीक कीटकनाशक, अगदी थोडं, अख्ख्या तलावात सारखं फिरवायचं. डोस पाण्यावर ठरतो: लांबी, रुंदी, खोली. लांबी-रुंदी मी टेप धरून मोजली. खोली रजिस्टरातून घेतली, दहा फूट.

नाना म्हणाले, "साहेब, तळामां गाळ भलता शे."

मी हो हो केलं, गणित पुढे चालू ठेवलं आणि संध्याकाळी औषध फिरवून घेतलं. पाण्यात बांबू बुडवून पाहायला पाच मिनिटं लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. भोयांच्या बायका पाट्या भरभरून ते खड्ड्यात टाकत होत्या. तेव्हा मी बांबू बुडवला. पाणी साडेतीन फूट, खाली सगळा गाळ. औषध जवळजवळ तिप्पट पडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरीही पारावर बसून मी पंचनाम्यात लिहिलं: उष्णतेमुळे प्राणवायू कमी पडून मासे दगावले. उन्हाळ्यात असं होतंच, कोणी शंका घेतली नसती. नानांनी अंगठा उठवला, शाई केसांना पुसली आणि विचारलं,

"साहेब, मंग ढोरेस्ले हाई पाणी पाजू का?"

गावची सगळी गुरं त्याच तलावावर येत. माझ्या कागदाप्रमाणे उत्तर 'हो' होतं. ते तोंडातून निघेना.

"नको नाना," मी म्हणालो. "औषध माझ्याकडून जास्त पडलंय. हे पाणी कोणाला पाजू नका."

नाना पारावरून उठले. मग काठी घेऊन गुरं अडवायला गेले.

मी तो कागद फाडला आणि खरा लिहिला. मेमो आला, इन्क्रिमेंट थांबलं. गावातलं एकही जनावर दगावलं नाही. भोयांचं वर्ष मात्र बुडालं, आणि ते मला कधीच भरून देता आलं नाही. पुढे नोकरीत पुष्कळ रिपोर्ट लिहिले. सही करण्याआधी एवढंच पाहायचो, की या कागदावर विसंबून कोणी पाणी पिणार असेल, तर मी ते पिईन का.