घंटेआधीचा शब्द

नाटकमंडळीत तिला सगळे कुजबुजकाकू म्हणायचे. काम प्रॉम्प्टरचं. विंगेतल्या स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता उघडी ठेवायची आणि नटाची जीभ अडली की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानात सोडायचा. किती राजे, किती वेडे, किती खुनी तिनं असे तारून नेले. टाळ्या मात्र ज्याच्या त्याला. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. रंगाचा, धुळीचा आणि तापलेल्या दिव्यांचा तो वास आला की तिचं पोट भरायचं.

त्यातला एक राजा तिचा नवराच होता. मंडळीचे नाना. नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, युरोपातल्या प्रबोधनकाळातली शोकांतिका. कान भरणाऱ्यांचं ऐकून राजा धाकट्या भावाला देहदंड फर्मावतो. शेवटच्या अंकात शिपाई भावाला त्याच्यासमोरून नेतात. तोवर राजाला खरं काय ते कळलेलं असतं. एक शब्द पुरे असतो, पण तो गप्प राहतो. आत घंटा वाजते, म्हणजे मान उतरली. आणि तेव्हा कुठे राजा म्हणतो, "थांबा."

या राजावरून घरात कायमची जुंपलेली.

"नशीब गं त्याचं," नाना म्हणायचे. "घंटा आधी वाजली, तो काय करणार?"

"घंटेवर खापर फोडू नका. शब्द ओठावर होता, चूक कबूल करायला जीभ रेटेना. तुमचीच जात. परवा भाजीत मीठ कोणी ओतलं, ते अजून कळलेलं नाही."

"मीठच खारट होतं."

इतकं भांडूनही दर प्रयोगाला, त्या शांततेत, घंटेच्या आधी ती ओठातल्या ओठात "थांबा" म्हणायची. वाटायचं, एकदा तरी वाचू दे त्या पोराला.

पुढे नाना थकले. शब्द निसटू लागले, ती शांतता लांबत चालली. एका दुपारी, प्रयोगाआधी, मॅनेजर विंगेत आला.

"काकू, मालकांनी ठरवलंय. आज नाना अडले, तर उद्यापासून भूमिका दुसऱ्याला."

"अडले तर मी आहे ना."

"तुमची कुजबुज आता पहिल्या रांगेत ऐकू येते, काकू. वय काही एकट्या नानांचं झालेलं नाही."

शेवटचा अंक आला. शिपाई भावाला घेऊन निघाले. नाना गप्प. फार वेळ गप्प. मग त्यांनी विंगेकडे पाहिलं. विसरले, असं तिला वाटलं, आणि इतकी वर्षं ओठात दाबलेला शब्द आवाजासकट बाहेर पडला.

"थांबा."

पहिल्या रांगेत माना वळल्या. तिचा शब्द झेलायची नानांना जन्माची सवय; तेही म्हणाले, "थांबा."

घंटा वाजलीच नव्हती. शिपाई थांबले. घंटेवाला दोरी धरून आ वासून बघत राहिला. एका शिपायानं भाबडेपणानं विचारलं, "सोडू का, महाराज?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

नाना चालत भावापाशी गेले. या प्रवेशात ते आजवर जागचे कधी हलले नव्हते. धाकट्याला शाळेत धाडताना थोरला करतो तशी त्यांनी त्याची कॉलर सारखी केली. त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आता सोडणार, असं साऱ्या थिएटरला वाटलं. नानांनी पाठ फिरवली.

"न्या."

घंटा वाजली. हसणारासुद्धा गप्प झाला होता.

रंगपटात नाना तोंडाचा रंग पुसत होते. ती दारातच उभी राहिली.

"माझ्यापायी भूमिका गेली तुमची."

"विसरलो नव्हतो गं. श्वास गोळा करत होतो."

"मग विंगेत कशाला पाहिलंत?"

"तू आहेस का, ते बघायला." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "त्याला सोडणार होतो मी. पण इतक्या लोकांदेखत हुकूम मागे घ्यायचा, तर कसंतरीच झालं. घंटेचा काही दोष नव्हता."

मॅनेजर आला. नजर वर न करता म्हणाला, "मालक म्हणतात, अडले ते अडलेच. पण नव्या माणसाला ते कॉलरचं तेवढं शिकवाल का, नाना?"

"उद्या सकाळी पाठव."

दोघं घरी निघाले. कोपऱ्यावर, दिवे लागत असताना, नाना थांबले.

"ऐकतेस का? ते मीठ मीच ओतलं होतं. दोनदा."