कणकेवरची चार बोटं

माझी जया काय करती, असं कुणी विचारलं की मला घाम फुटतो. मास्तरीण म्हणावं तर न्हाई, नर्स म्हणावं तर न्हाई. ती व्हिडिओ करती. लग्नाचे न्हाई, बाई! फोनच्या हुकमावर राबणाऱ्या माणसांचे. देगलूरचा मुनीब घरोघर पार्सल पोचवतो, त्याच्यावर तिनं एक केला. तर ह्या पोरीनं त्याचा नुसता अंगठा दाखवला, ऑर्डर यायची वाट बघत फोनवर टेकलेला. नांदेडात एका हॉलमधी भिंतीवर लावला होता. मी म्हणलं, "अगं, ना तोंड ना गाणं, ह्याला कोण बघल?" पण लोक गप उभे राहून बघत होते. मीबी बघत राहिले.

मी यशोदा, जळकोटची. लातुरात टूशनवाल्या लेकरांच्या मेसमधी पोळ्या करते. तिचा बाप गेल्यापासून ह्याच हातांवर घर चाललं अन् जया शिकली. दुसरा आधार न्हाई.

मागल्या उन्हाळ्यात जया म्हणली, "माय, एका कंपनीला काम करणाऱ्या हातांचे व्हिडिओ पाहिजेत. कपाळाला फोन बांधायचा अन् रोजचं काम करायचं. मला ह्याच्यावर फिल्म करायची हाय, म्हणून आधी आपणच काम धरून बघू."

"मग बांध की तूच."

"माझी पोळी वातड निघती. तुझे हात दे."

दिले. लोक गुडघ्याला बाशिंग बांधतेत, मी म्हातारपणी कपाळाला बांधलं. लई हसलो आम्ही दोघी.

पण पहिलेच व्हिडिओ माघारी आले. कणीक मळली की मी गोळ्यावर चार बोटं रोवते. गुळगुळीत गोळा पिंडावानी दिसतो, तसा जित्या माणसांच्या घरात ठेवू न्हाई, हे माझ्या मायनं शिकवलेलं. कंपनीनं कळवलं, शेवटची हालचाल कामाची न्हाई, काढून टाका.

"नको ना रोवू, माय. अंधश्रद्धा हाय ती."

"तुझा बाप गेला त्या सकाळी घाईत माझी बोटं राहून गेली होती, जया."

पण हाती घेतलेलं काम तिला पुरं करायचं होतं, अन् लेकीपुढं मायचं काय चालतंय? मी गोळे गुळगुळीत ठेवायला लागले. फोन सोडला की चोरून बोटं रोवायची. तरी जया नांदेडला निघाली की बस पोचल्याचा फोन येईस्तोवर घास उतरायचा न्हाई.

ती बिचारी दरवेळी सुखरूप यायची. भ्या भलत्याच दारातून आलं.

दिवाळीनंतर जया मेसमधी शूटिंगला आली होती, मी कणीक मळत होते. मेसचे मालक सुदर्शनराव फोन घेऊन आत आले. "मावशी, बघा तर खरं! मशीन कणीक मळायलंय!"

फोनमधी मशीनचे दोन काळे हात परातीत चालले होते. माझी उजवी करंगळी लहानपणी चुलीत भाजलेली, मळताना ती आत दुमडून राहती. त्या मशीनची करंगळीबी तशीच दुमडलेली.

जयानं वाकून बघितलं अन् हातातला कॅमेरा खाली केला. "माय... हे तुझे हात हायत. आपल्याच व्हिडिओवरून शिकवलंय त्या मशीनला."

"माझे हात माझ्याजवळ हायत की गं," मी म्हणलं.

"पुढच्या साली आपणबी बघू एखादं असलं मशीन," सुदर्शनराव सहज म्हणले. वाईट माणूस न्हाई ते. म्हणूनच जास्ती भ्या वाटलं.

मशीनचं मळून झालं. हात बाजूला झाले. परातीत गोळा राहिला, गुळगुळीत, एक ठसा न्हाई. मेल्यांनी माझी करंगळी घेतली अन् बोटं सोडून दिली. हा पिंड कुणाचा, ते मला कुणी सांगायची गरज न्हवती.

मी फोनच्या काचेवरच चार बोटं रोवली. जोरात.

"सोड, माय, सोड," जया रडायली.

काचेवर कणीक चिकटली. व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला, अन् ते हात पुन्हा मळायला लागले.