सुकाचे दोन चमचे

आमची पोस्ट इतक्या उंचावर होती की स्टीलचा चमचा ओठाला चिकटायचा. ओढला की सालटं निघायचं. हे खाली कुणाला सांगितलं तर थाप वाटते. वाटू दे. मी तेव्हा नाईक होतो, पुढे हवालदार होऊन रिटायर झालो, आणि थापा मारायच्या तर याहून बऱ्या मारल्या असत्या.

चमच्यावर इलाज काढला सुकाने. सुकदेव, लान्स नाईक, तापीकाठच्या गावचा, सुताराच्या घरातला. माझं गाव त्याच्या गावापासून सायकलच्या अंतरावर. आम्ही दोघं अहिराणीत बोलायला लागलो की बाकीचे वैतागायचे. बेस कॅम्पला विलोची झाडं होती, ज्या जातीच्या लाकडाच्या क्रिकेटच्या बॅटी होतात ती. सुका वर येताना त्यांच्या दोन-चार फांद्या सामानात बांधून आणायचा आणि बंकरमागे बर्फात पुरून ठेवायचा. ओल्या लाकडातून सुरी लोण्यातून जावी तशी जाते, वाळलं की ते हट्टाला पेटतं. बर्फात ते ओलं राहायचं.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळे शस्त्र घेऊन मोर्चात. मग चहा, शस्त्रांची सफाई, रात्री पडलेला बर्फ उपसणं, रेडिओ चेक. रोज तेच. जेवणानंतर थोडा वेळ ऊन यायचं. त्या उन्हात सुका रिकाम्या जेरीकॅनवर बसून चमचे कोरायचा. पांढऱ्या बर्फावर पिवळसर ढलप्या पडायच्या. एवढ्या उंचीवर माणूस जागेपणीही अर्धा झोपेत असतो. सुरीचा तो आवाज ऐकता ऐकता मला आमच्या घरामागचं बाभळीचं झाड दिसायचं, त्याखाली बांधलेली म्हैस दिसायची. म्हैस दिसली की मी खूश असायचो.

सुकाची एक रीत होती. चमचा माणसाच्या तोंडाच्या मापाचा हवा. त्यासाठी तो आधी माणसाला जेवताना बघायचा. टक लावून. आमचे सुभेदार साहेब एकदा भडकले, "क्या देख रहा है?" सुका म्हणाला, "माप, साहब." दोन दिवसांनी साहेबांना चमचा मिळाला आणि त्यांनी पुन्हा स्टीलला हात लावला नाही.

मग त्याला मुलगी झाली. बातमी रेडिओवर आली. "सुकदेव को लड़की हुई है. माँ-बेटी ठीक हैं. ओव्हर." सुका तिथेच खाली बसला आणि हसत राहिला. सुट्टी मिळणार होती ती पोरीच्या उष्टावणाला. बाळाला पहिल्यांदा खीर चाटवायची ती आपण कोरलेल्या चमच्याने, असं त्याने ठरवून टाकलं.

आता गंमत बघा. ज्याने कधी मापाशिवाय चमचा केला नाही, त्याने पोरगी पाहिलीच नव्हती. बिचाऱ्याच्या डोळ्यांपुढे महिनोन्महिने आम्हीच दाढीवाले जेवत होतो. त्याने आमच्याहून बराच लहान म्हणून जो चमचा केला, तो बघून पोस्टवर हसून हसून लोकांना धाप लागली. मी म्हटलं, अरे, ही तुझी पोरगी आहे की हत्तीचं पिल्लू? सुकाने चमचा माझ्या अंगावर फेकला.

"तुनं तोंड मोठं शे. तूच खाय."

तो चमचा मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. सुकाने दुसरा करायला घेतला. या वेळी आपली करंगळी तोंडात घालून, डोळे मिटून, बराच वेळ बसला होता. कुणी हसलं नाही.

दुसरा चमचा अर्धा झाला होता तेव्हा आम्ही लिंक पेट्रोलवर निघालो, म्हणजे शेजारच्या पोस्टची माणसं अर्ध्या वाटेवर भेटतात तिथपर्यंत. सगळे एका दोराला बांधलेले. सर्वांत पुढे सुका, मग मी, मग सुभेदार साहेब आणि बाकीचे. हवा स्वच्छ होती. ऊन एवढं की चष्म्याआडूनही डोळे दिपत होते. वर कुठेतरी कापड फाटल्यासारखा आवाज झाला. सुका ओरडला, "बैठो!" आणि सगळं पांढरं झालं.

हिमस्खलनाखाली काय होतं ते लोक विचारतात. खरं सांगतो, तिथे बरं वाटतं. तेच त्यातलं वाईट. थंडी जाते. मला तापी दिसली. उन्हाळ्यातली, पात्र उघडं पडलेली, मधोमध कमरेइतकं पाणी. पलीकडे कुणीतरी म्हैस धूत होतं. मी पाण्यात उतरणार, तेवढ्यात हनुवटीखाली काहीतरी टोचलं. मी झोपू बघतोय आणि ते टोचतंय. मला राग आला. उजवा हात छातीशी अडकला होता, तो हलवला तर खिशातून वर सरकलेला सुकाचा चुकलेला चमचा हातात आला. त्याने मी तोंडापुढचा बर्फ खरवडायला लागलो. किती वेळ, ते देव जाणे. आपल्याला श्वास हवाय म्हणून खरवडतोय हेही समजत नव्हतं. आईने खरकटं पातेलं घासायला बसवलंय एवढंच वाटत होतं.

मागची माणसं वाचली होती. त्यांच्यातल्या रेडिओ ऑपरेटरने पोस्टला काय मेसेज पाठवला, ते त्याने मला नंतर सांगितलं. "दो आदमी बर्फ के नीचे. खुदाई जारी. ओव्हर." दोर माझ्या मागे ताणून तुटला होता, म्हणून ते सळया खुपसत शोधत होते. त्यांना बर्फातून लाकडाचं टोक हलताना दिसलं. मला वर काढलं. माझ्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक खाली गेलं होतं. ते खणत खणत सुकापर्यंत पोहोचले. तो झोपल्यासारखा दिसत होता. सुभेदार साहेबांनी त्याच्या चेहऱ्यावरचा बर्फ स्वतःच्या हाताने पुसला. त्याच्या कोटाच्या खिशात लोकरी मोज्यात गुंडाळलेला अर्धा चमचा होता. सामानाबरोबर तो घरी पाठवला गेला.

मी नोकरी संपवून सुरतेला आलो. थोरला मुलगा इथेच कापडाच्या लूमवर आहे. काही वर्षं हजीऱ्याला एका कारखान्याच्या गेटवर बसलो, मग तेही सोडलं. आता रविवारी सकाळी तापीकाठी निंबाखाली चमचे कोरतो. दोघं-तिघं शेजारीही येतात. तोडलेल्या फांद्या मिळतात, लहान कुऱ्हाड, सरळ सुरी आणि वाकडी सुरी, एवढंच लागतं. नदी तीच, आमच्या गावावरून इथवर आलेली. पाण्याकडे बघत काम केलं की हात आपोआप चालतो आणि मी कुठल्या कुठे असतो.

सुकाची बायको, रत्नावहिनी, सुरतेतच भेस्तानला लेकीकडे राहतात. साड्यांना टिकल्या लावून त्यांनी दीपालीला वाढवलं, तिचं लग्न केलं. गेल्या हिवाळ्यात दीपालीच्या मुलीचं उष्टावण ठरलं तेव्हा वहिनी एका रविवारी निंबाखाली आल्या. पिशवीतून तो मोजा काढला, मोज्यातून अर्धा चमचा.

"भाऊ, हाऊ पुरा करी द्या. त्यासना हातना शे."

मला हात लावायची भीती वाटली. इतक्या वर्षांचं वाळलेलं लाकूड, जोर केला की उभं तडकणार. आणि तडकलं तर दुसरं आणायचं कुठून? वहिनींना मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या की देव्हाऱ्यात ठेवून ठेवून थकले, आता काय व्हायचं ते तुमच्या हाताने होऊ दे.

ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, रोज पाणी शिंपडलं. मग नखाएवढ्या ढलप्या काढत फक्त आतली वाटी कोरली. कडा सुकाच्या होत्या, त्यांना धक्का लावला नाही. दांड्यावर त्याच्या सुरीचे सपाट घाव होते, तेही तसेच ठेवले. शेवटी जवसाचं तेल चोळलं. तडकला नाही. मी निंबाखाली रडलो. शेजाऱ्याने विचारलं तर त्याला म्हटलं, डोळ्यात भुसा गेला.

उष्टावणाला भरवायचं मामाने. दीपालीला भाऊ नाही. वहिनी म्हणाल्या, आजोबाच्या जागी तुम्ही भरवा. पोरीला मांडीवर घेतलं. खीर वाटीत होती. दीपाली सारखी "काका, धीमे धीमे" करत होती, जसं काही मी कुदळच घेऊन बसलोय. माप चुकलं असलं तर? त्याने कुणालाही न बघता, डोळे मिटून घेतलेलं माप.

पोरीने आ केला. चमचा आत गेला, ओठ त्याच्या कडांवर अलगद मिटले, आणि खिरीचा एक थेंब बाहेर सांडला नाही. मी बाहेर काढायला गेलो तर सोडेना.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मी अजूनही डाळ त्या चुकलेल्या चमच्यानेच खातो. सुका, दुसऱ्या चमच्याचं माप बरोबर निघालं रे.