राहीबाईच्या दोन शेगड्या

राहीबाईला कुणी चांगलं म्हटलं की मला आजही राग येतो, आणि कुणी वाईट म्हटलं तर त्याहून जास्त येतो. आता याला काय करायचं ते तुम्हीच सांगा.

सदुसष्ट सालची गोष्ट. बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, तारापूरच्या अणुवीजघराचं काम जोरात चाललं होतं. माझा नवरा भगवंत तिथं एका ठेकेदाराकडे वेल्डर होता. आम्ही मूळचे कोरेगावकडचे. ठेकेदारानं माणसांसाठी जो कॅम्प टाकला होता त्यातल्या खोल्या म्हणजे चाकं लावलेले पत्र्याचे डबे. काम पुढं सरकलं की ट्रॅक्टरला जोडायचं आणि घरच ओढत न्यायचं. चाकांखाली विटा सारल्या की झाला संसार सुरू. अशा डब्यांची एक लांब रांग होती. रांगेच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर, त्याला लागून इंजिनियर कर्णिक साहेबांची मोठी चाकांची खोली, आत गरम पाण्याच्या विजेच्या बंबासकट न्हाणीघर. पुढं मग आम्ही सगळे. आमची खोली अगदी शेवटची. सगळ्यांना मिळून एकच तार, आणि वीज आमच्यापर्यंत येईस्तोवर तिचा जीव गेलेला असायचा.

सकाळी, दुपारी बल्ब धड जळायचा. दिवेलागणीला मात्र आतली तार विडीच्या टोकासारखी नुसती लाल. तांदळातले खडे दिसायचे नाहीत. देशाला वीज पुरवायला निघालेली माणसं, आणि त्यांच्या बायका रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापत होत्या. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

वीज जात कुठं होती ते मला ठाऊक होतं. मधल्या खोलीत राहीबाईची खानावळ होती. राहीबाई तिथलीच, नवापूरची. नवरा गेल्यावर दोन पातेली घेऊन कॅम्पात आली आणि बघता बघता निम्म्या कॅम्पाला जेवायला घालायला लागली. भात आणि सुकटीचं कालवण. हात सढळ, तोंड त्याहून सढळ. सुरुवातीला चुलीवर रांधायची. मग कुणीतरी तिला कॉइलच्या दोन थोरल्या शेगड्या आणून दिल्या. लाकूड नको, धूर नको, आणि विजेचे पैसे ठेकेदाराचे. वायरींची टोकं भिंतीतल्या प्लगच्या भोकांत काडीपेटीच्या काड्यांनी खोचून बसवली की झालं काम. तिच्या शेगड्या लाल झाल्या की आमचा बल्ब मरायचा. मी आमच्या पायरीवर उभी राहून कितीदा पाहिलं होतं.

मी भांडायला गेले. एकदा नाही, चारचौघांत तीन-चारदा गेले. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "काय गो, मी माझ्या घरात भात शिजवला तर तुझ्या घरात काळोख कसा पडंल? करंट काय माज्या पातेल्यात हाय? जा, त्या सायबाला विचार. त्याला आंगोळीला ऊन पानी लागतं दोन टायमाला." आणि अख्खी रांग हसायची. रांगेतल्या लोकांचीही अक्कल बघा, उजेड कमी पडतो म्हणून ज्यानं त्यानं चाळीसचा बल्ब काढून शंभरचा लावलेला, कुणी दोनशेचा. जेवढे मोठे बल्ब, तेवढा सगळ्यांचा उजेड कमी. तरी पुन्हा मोठा आणायचे.

शेवटी भगवंतनंच मला गप्प केलं. "तिच्याकडं माझी मित्रमंडळी जेवतात, वाकडं नको घेऊस," म्हणाला. मी गप्प बसले. राहीबाईशी बोलणंही बंद केलं. नळावर समोरासमोर आलो तरी ती तिची घागर बघायची, मी माझी.

डिसेंबरात, दिवस भरायच्या आधीच, त्याच खोलीत मला मुलगी झाली. पुरती ओंजळभरही नव्हती. दवाखान्यातली नर्स सुगंधा धावत आली. पोरीला कापसात गुंडाळून तिनं टोपलीत ठेवलं आणि वर बल्ब टांगला. "हिला ऊब पाहिजे," म्हणाली. "पालघरला न्यायचं तर रस्त्यात गारठेल. पायाला हात लावून बघत राहायचं. पाय गार लागले तर समजा पोर चाललं." कोळशाची शेगडी आत आणायला तिनं बंदी केली, बंद डब्यात कोळशाच्या धुरानं जीव जातो म्हणून. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून पाहिल्या, त्या हा हा म्हणता निवायच्या. अंगाशी धरावं तर बाळंतपणात मला हिवताप गाठून बसलेला. मीच लटलटा कापत होते, तिला काय ऊब देणार.

दिवसभर बल्बनं साथ दिली. संध्याकाळ झाली आणि त्याची तार पिवळी, मग तांबडी होत गेली. भगवंतनं दोनशेचा लावला. तोही तसाच तांबडा. पोरीच्या पायाला हात लावला तर गार. मी रडतही नव्हते. माझे दात नुसते वाजत होते, आणि मनात एकच, की मी मेले तरी चालेल, पण त्या शेगड्या फोडून मरेन.

भगवंत ऊन पाणी मागायला खानावळीत गेला असणार, कारण तो परत आला तो राहीबाईला मागे घेऊनच. ती आत आली. माझ्याकडे पाहिलं नाही. टोपलीत हात घालून पोरीचे पाय धरले आणि बल्बकडे बघून बोलली, "मेल्या, नुसता टांगून घेतलायस होय? जळाया काय होतंय तुला?" मग भगवंतला म्हणाली, "चल माज्याबरोबर. आज त्या सायबाचा बंबच उपटते."

पुढचं मला भगवंतनं सांगितलं. साहेबाच्या पायरीवर उभं राहून तिनं जो तोंडाचा पट्टा सोडला तो ऐकून ट्रान्सफॉर्मरजवळची कुत्री पळाली. तुमाला आंगोळ्या सुचतायत, तिथं पोर थंड पडतंय, तुमच्या बंबात घाला तुमची सायबी. कर्णिक साहेब टॉवेलावरच बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. ऐकून घेतलं, आत गेले आणि बंब, दिवे, सगळं बंद केलं. खोली काळीठिक्कर झाली. "आता बघा," म्हणाले.

दोघांनी रांगेकडे पाहिलं. फारसा फरक नाही. रांग तशीच लालसर, मिणमिणती.

साहेब म्हणाले, "मावशी, सगळ्यात लाल कुठलं दार दिसतंय?"

सगळ्यात लाल दार तिचं होतं. आत कुणी नाही, आणि दोन्ही शेगड्या ढणढणत होत्या.

"तुमच्या त्या दोन शेगड्या म्हणजे शंभरचे वीस बल्ब," साहेब म्हणाले. "आणि बाकीच्यांनीही काही कमी ठेवलेलं नाही. तार एकच आहे. वाटेत सगळ्यांनी ओढून घेतलं तर शेवटच्या घरापर्यंत पोचणार काय?"

भगवंतला राहवलं नाही. "आमची शालू हेच सांगत होती, मावशी," तो बोलून गेला. राहीबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. पदर खोचला आणि निघाली.

खानावळीत गेली आणि दोन्ही वायरी हिसडून काढल्या, काड्यांसकट. भात अर्धा कच्चा. पातेलं उचलून बाहेर चुलीपाशी आदळलं. कामावरून आलेले गडी तिथं बाहेरच ताटं घेऊन बसले होते. एकजण म्हणाला, "मावशी, भात?" ती म्हणाली, "खा कच्चा, नायतर लाकडं आन." तिथून रांगेला लागली.

हे मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं. "काड तो बल्ब. काड म्हणते ना, मुडद्या, नायतर खांबावर चडून तारच तोडीन. तुला पेपर वाचायचाय? काय लिवलंय त्यात, तुजं नाव?" क्रेनवरचा मारुती अडून बसला. म्हणाला, एका माझ्या बल्बानं काय होतंय. "परत्येक जण हेच म्हनतोय, म्हनून हे झालंय," ती ओरडली, "मी बी हेच म्हनत होते," आणि पदरानं धरून तिनं त्याचा तापलेला बल्ब स्वतः पिळून काढला. बोटं भाजली. त्याबद्दलही शिवी मारुतीलाच.

तिचा आवाज एकेक दार करत आमच्याकडे येत होता, आणि मी पडल्यापडल्या बल्बकडे बघत होते. ती एक दार पुढं सरकली की तार थोडी पिवळी व्हायची. अजून एक दार, अजून थोडी. आमच्या शेजारच्या दाराशी तिनं शेवटची शिवी हासडली तेव्हा आमचा बल्ब पांढरा लख्ख झाला होता. डोळे दिपले माझे. सगळी रांग अंधारात आणि उजेड एकट्या आमच्या घरात.

ती आत आली, पोरीचे पाय धरून बसली. कितीतरी वेळ बसली. मग उठली आणि बल्बला म्हणाली, "आसा जळ." माझ्याशी नाहीच बोलली.

पुढं पोरीनं अंग धरेपर्यंत संध्याकाळी कॅम्पात कुणाची मोठा बल्ब लावायची छाती झाली नाही. राहीबाई बाहेर थंडीवाऱ्यात चुलीवर रांधायची. लाकडं ओली, धुरानं डोळे सुजलेले. जेवायला उशीर झाला म्हणून काही गडी खानावळ सोडून गेले, त्यांचा उद्धार ती जाता-येता करायची. रोज दिवेलागणीला आमच्याकडे यायची, पायाला हात लावायची आणि पोरीला दम भरायची, "लवकर वाड गो बये, तुज्यापायी माजे डोळे गेले." मी समोर असून नसल्यासारखी. मला राग यायचा. माझ्या घरात येऊन माझ्याशीच अबोला. आणि उपकार तर असे, की उलट बोलायचीही सोय नाही.

एक दिवस सुगंधानं पोरीला तोललं आणि म्हणाली, आता काढा तो बल्ब. त्याच संध्याकाळी राहीबाईच्या शेगड्या पुन्हा लाल झाल्या, हळूहळू शंभरचे बल्बही आले, आणि आमच्या घरात पुन्हा चिमणी. मी तांदूळ निवडत बसले, काही दिसेना, आणि रागानं सूपच भिरकावलं. पण गेले नाही भांडायला. कुठल्या तोंडानं जाणार?

काम उरकत आलं तसा कॅम्प मोडला. डबे एकेक करून ट्रॅक्टरला लागले. राहीबाईनं पातेली बैलगाडीत भरली, नवापूरला निघाली. गाडी आमच्या दाराशी थांबवून ती उतरली. पोर तेव्हा दुडुदुडु पळत होती. राहीबाईनं तिला धरलं, खाली बसून तिच्या चपला काढल्या आणि दोन्ही पावलं हातात घेतली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. आवाज चढलेलाच.

"तू गप का बसलीस?"

मला कळेना. "कधी?"

"पोर व्हायच्या आदी. माज्या शेगड्यांपायी भांडत होतीस ना, मग गप का बसलीस?"

माझा संताप संताप झाला. इतक्या दिवसांनी बोलायला आली आणि दोष माझाच. मी म्हटलं, "भांडले की. चारचौघांत भांडले. तुम्ही हसलात."

"मग अजून भांडायचं," ती ओरडली. "डोक्यात धोंडा घालायचा माज्या. मी आडानी, मला काय कळतं? तुला कळत होतं ना? हिचे पाय माज्या हातात गार झाले आसते म्हंजे?"

चपला पोरीच्या पायात कशाबशा सरकवल्या, उलट्याच, आणि ती गाडीत जाऊन बसली. मागं वळून पाहिलं नाही.

मी दारात तशीच रागात उभी होते. तिला द्यायला माझ्याकडे चांगली दहा उत्तरं होती. खाली वाकून मी पोरीच्या चपला सरळ केल्या. तिचे पाय गरम होते.